बाबा, मी गेम खेळत नाही

ती. आई-बाबांना,
सा. न.

मी मजेत आहे. आई, परवा फोनवर आवाज बसलेला वाटला तो शूटिंगच्या सेटवर सोडतात त्या धुरामुळे. ताप नव्हता, खरंच.

बाबा, ‘गेम इंजिन’ म्हणजे मी दिवसभर गेम खेळतो, असं काकांना सांगू नका. गेम इंजिन म्हणजे गेममधली चित्रं काढणारं सॉफ्टवेअर. आमचं अनरियल हे इंजिन १९९८ साली एका गेमसाठीच आलं, हे खरं. पण खेळणाऱ्याने मान वळवली की गेमला त्याच क्षणी नवं चित्र काढावं लागतं, आणि आम्हाला नेमकं तेच हवं असतं. पूर्वी नट राक्षसाच्या जागी धरलेल्या काठीवरच्या चेंडूकडे बघून घाबरायचे आणि कॉम्प्युटरवर काढलेला राक्षस यायचा काही महिन्यांनी. चेंडू आताही असतो, पण कॅमेरा फिरेल तसा राक्षस मॉनिटरवर तिथल्या तिथे दिसतो. कच्चा, पण जागच्या जागी. सेकंदाला २४ चित्रं, म्हणजे एकेका चित्राला जेमतेम ४२ मिलिसेकंद. तरी राक्षस काही फ्रेम, म्हणजे काही चित्रं, मागे राहतोच, म्हणून कॅमेऱ्याचं चित्रही तेवढंच थांबवायचं. ते जुळवणं माझं काम. चुकलं की राक्षसाचे पाय जमिनीवरून घसरतात. परवा नटाची नजर राक्षसाच्या डोळ्यांऐवजी गळ्यावर पडत होती. मी सांगितलं, चेंडू हातभर वर घेतला, पुढचा टेक ओके. तेव्हा तुम्ही इथे हवे होतात.

आई, इथे कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्याला ‘सी-४७’ म्हणतात! साधा चिमटा मागितला तर सगळे बघत राहतात. दिव्याच्या पत्र्याच्या झडपांना रंगीत कागद लावायला तो लागतो. पत्रा तापतो, त्याने प्लास्टिक वितळतं, लाकूड नाही, म्हणून प्लास्टिकचा चालत नाही. लाइटवाल्यांच्या शर्टाला पाच-सहा तरी अडकवलेले असतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, काढायचे विसरले.

पैसे काल पाठवलेत. हॉलचे राहिलेले त्यातून द्या, बाबा, एफडी मोडू नका. ताईच्या लग्नाची तारीख मला विचारूनच ठरवलीत आणि ‘चालेल’ मीच म्हणालो होतो. शूटिंग लांबलं. तो मोठा सीन त्याच आठवड्यात आलाय आणि माझ्या जागी दुसरं कोणी नाही. मला नाही येता येणार. ताईला तुम्ही सांगू नका, रविवारी मीच फोन करतो. आई, तेव्हा तू तिच्याजवळ थांब.

तुमचा,
बाळू