दोन मोटरा बसणार नाहीत

प्रिय चिनू,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, बाबांनाही ऐकवला. फोनवर बोलायला गेलं की तू "आई ऐक ना, ऐक ना" करतोस आणि माझं निम्मं बोलणं तसंच राहतं, म्हणून या वेळी लिहूनच पाठवतेय. नीट बसून वाच, जेवताना एका हाताने स्क्रोल करत नको.

तर मी करतेय त्या वेव्हर्लीच्या मॉडेलबद्दल, म्हणजे दोन्ही बाजूंना फळ्यांची मोठी चाकं असलेल्या त्या जुन्या आगबोटीच्या रिमोटवर चालणाऱ्या मॉडेलबद्दल, तुझं म्हणणं असं की डाव्या चाकाला एक मोटर, उजव्या चाकाला एक मोटर, रिमोटच्या रेडिओवर मिक्सिंग लावायचं, म्हणजे दोन्ही मोटरा वेगवेगळ्या चालवता येतात, एक चाक पुढे एक चाक मागे, की बोट जागच्या जागी गर्रकन फिरते आणि तळ्याच्या काठावर आपटायची भीतीच नाही. सगळं बरोबर आहे तुझं. तशी मॉडेलं मी पाहिलीत, मस्त फिरतात. पण मग ती वेव्हर्ली नाही रे राहत. वेव्हर्लीच्या दोन्ही चाकांना मिळून एकच शाफ्ट आहे, मधोमध इंजिन, आणि त्याचा क्रँकशाफ्ट या बाजूच्या चाकापासून त्या बाजूच्या चाकापर्यंत सलग जातो, त्यामुळे एक चाक फिरलं की दुसरं फिरणारच, तेवढ्याच वेगाने आणि त्याच दिशेने. कॅप्टनने कितीही मनात आणलं तरी एक पुढे एक मागे होणं शक्य नाही. आता तूच सांग, बाहेरून रंग, फनेल म्हणजे धुराडी, मास्ट सगळं हुबेहूब करायचं आणि पाण्यात सोडल्यावर तिने दुसऱ्याच बोटीसारखं वागायचं, याला काय अर्थ आहे? मग कपाटावर ठेवायचं शोपीस केलं असतं की मी.

वेगवेगळी फिरणारी चाकं खऱ्या बोटींवरही होती, तू म्हणशील आईला माहीतच नाही म्हणून सांगते. ब्रिटिश नेव्हीचे डायरेक्टर क्लासचे टग होते, १९५० च्या दशकातले, डिझेल-इलेक्ट्रिक, त्यांची दोन चाकं स्वतंत्र चालायची, विमानवाहू जहाजांना ढकलायला वापरायचे. तुला दोन मोटरांचीच हौस असेल तर तू तो टग कर, मी ड्रॉइंग काढून देईन. मुंबईत लग्नाआधी बोर्डावर ड्राफ्टिंग केलंय, हात अजून चालतो.

आता तुझा खरा प्रश्न, की मग ती वळणार कशी. साध्या बोटीत पंखा मागे असतो आणि त्याचं पाणी सरळ रडरवर, म्हणजे सुकाणूवर, आपटतं, म्हणून बोट उभी असली तरी थोडा थ्रॉटल मारला की शेपूट सरकते. इथे चाकं बोटीच्या मध्यावर आणि रडर पार मागच्या टोकाला, चाकांचं पाणी तिथवर पोचेपर्यंत त्याचा जोरच संपलेला असतो. म्हणजे बोट स्वतः पुढे चाललेली असेल तेवढाच रडरचा उपयोग, हळू झाली की रडर फिरवा नाहीतर नका फिरवू, सारखंच. त्यात भर म्हणून वेव्हर्ली पाण्यात दोन मीटरही खोल नाही आणि वर मात्र केबिनी, दोन मोठे फनेल, डेकवरची माणसं, त्यामुळे वारा तिला आडवी ढकलत नेतो. रॉथसेच्या धक्क्याला ती लागते तेव्हा बघ कधीतरी नीट, कॅप्टन लांबूनच वाऱ्याचा अंदाज घेतो, थोडा वेग ठेवूनच आत येतो आणि शेवटी उलटी चाकं मारून थांबवतो, मग दोर फेकतात. मला तेच करायचंय, छोट्या तळ्यावर.

आणि होतंय ते. मागच्या रविवारी व्हिक्टोरिया पार्कच्या तळ्यावर नेली होती, अजून रंग नाही, वरचे मजले नाहीत, नुसता हल म्हणजे बोटीचं खालचं अंग आणि चाकं, वरच्या वजनाऐवजी डेकवर वाळूच्या पिशव्या बांधल्या होत्या. पश्चिमेचा वारा होता, ग्लासगोत दुसरा कुठला असतो. मधोमध गेल्यावर मी मुद्दाम थ्रॉटल सोडला, तर ती अगदी शांतपणे आडवी होऊन बदकांच्या दिशेने सरकायला लागली, रडर पूर्ण फिरवला तरी ढिम्म. मग अर्धा थ्रॉटल दिला, एक-दोन बोटलांबी पुढे गेली आणि तेव्हा कुठे नाक वळलं. काठावर एक आजोबा कुत्रा घेऊन उभे होते, ते म्हणाले अगदी खऱ्यासारखी हट्टी आहे. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! बाबा मात्र म्हणाले, अशी वस्तू करायला एवढे महिने घालवलेस जी तुझं ऐकत नाही, घरात एक होता तेवढा पुरे नव्हता का. हे तुझ्याबद्दल होतं.

बरं, आकडे तुला लागतातच. स्केल १:४८ घेतलंय. खरी बोट ७३ मीटर, म्हणजे मॉडेल दीड मीटरच्या थोडं वर, चाकांच्या पेट्यांसकट रुंदी ३६ सेंटिमीटर, नुसता हल १९. पाण्यात फक्त ४ सेंटिमीटर. एवढ्याशा खोलीत सगळं मिळून सहा किलोच्या आसपास वजन बसतं, जास्त नाही. वेगाचं गणित तू करशील ते ४८ ने भागून करू नकोस, लाटा तशा लहान होत नाहीत, ४८ चं वर्गमूळ घे, म्हणजे साधारण ७. खरी १४ नॉटने जाते तर ही २ नॉटने, माणूस चालतो तेवढ्या वेगाने. उलट चाकाचे फेरे ७ पट वाढतात, तिकडे मिनिटाला पन्नास धरले तर इथे साडेतीनशे. डोळ्यांना ते जरा घाईचंच दिसतं, म्हणून मी निम्म्यावरच चालवणारेय, बारा व्होल्टची गियर मोटर, टाइमिंग बेल्ट, एक स्पीड कंट्रोलर, रडर फिरवायला एक छोटा सर्व्हो. दोन चॅनल, संपलं. शाफ्ट पाण्याच्या वरूनच बाहेर पडतो त्यामुळे पंख्याच्या बोटीसारखी खालून गळायची कटकट नाही, फक्त शिंतोडे आत येतात, त्यासाठी पितळी नळी ग्रीस भरून घातलीय.

वजनावर मी इतकी का अडून बसते ते सांगते. चाकाची बोट म्हणजे सगळा खेळ चाकाची फळी पाण्यात किती बुडते यावर. कमी बुडली की नुसतं पाणी उडतं, जास्त बुडली की चाक गुदमरतं, मोटर गरम आणि बोट तिथेच. आपल्या मुंबईच्या गोदीत १८२९ साली ह्यू लिंडसे नावाची आगबोट बांधली होती, वाडियांच्या हातची, तिचीही चाकंच. मार्च १८३० मध्ये ती मुंबईहून सुएझला निघाली, एडनपर्यंत कोळसा पुरायला हवा म्हणून जागा होती त्याच्या कितीतरी जास्त कोळसा भरला, डेकवर, केबिनीत, मिळेल तिथे. बोट इतकी खाली बसली की सुरुवातीला धड पळेना, आणि कोळसा जळत गेला तशी वर येत गेली. एडनला लागली तेव्हा काही तासांपुरताच कोळसा उरला होता म्हणे! सुएझला पोचायला सगळा मिळून महिनाभर लागला. म्हणून मी बॅटरी बरोबर शाफ्टच्या खाली ठेवलीय, जड लेड-अॅसिडचीच, तेच वजन तळाला उपयोगी पडतं, आणि वरचे मजले मात्र एक मिलिमीटरच्या प्लायचे आणि प्लास्टिक शीटचे. बोट एका बाजूला कलली तर एक चाक खोल जातं आणि दुसरं वर येतं, मग ती आपोआप वाकडी चालते. खऱ्या बोटीवर सगळे पॅसेंजर फोटो काढायला एका बाजूला धावले की तेच होतं.

आता चाकं. यात मी अडकून पडलेय आणि यातच सगळ्यात जास्त मजा येतेय. प्रत्येक चाकाला आठ फळ्या. त्या चाकाला घट्ट ठोकलेल्या नाहीत, बिजागरीवर आहेत. घट्ट असत्या तर आत जाताना पाण्यावर सपाट आपटल्या असत्या आणि बाहेर येताना पोहऱ्यासारखं पाणी उचलून वर नेलं असतं, दोन्हीकडे ताकद फुकट. म्हणून प्रत्येक फळीला मागे एक छोटा दांडा, त्या दांड्याला लांब सळई, आणि आठही सळया एका छोट्या चकतीला जोडलेल्या. गंमत अशी की ती चकती शाफ्टच्या मध्यावर नसते, थोडी पुढे सरकवलेली असते, चाकाच्या पेटीच्या बाहेरच्या भिंतीला आतून. त्यामुळे चाक फिरतं तसं सळया फळ्यांना थोडं ओढतात थोडं ढकलतात आणि पाण्यात शिरताना, असताना, निघताना फळी जवळजवळ उभीच राहते. आठांतली एक सळई चकतीला पक्की असते, तीच चकतीला बरोबर फिरवते, बाकीच्या सात पिनांवर मोकळ्या.

कागदावर हे अर्ध्या तासात निघतं. पितळेत करायला बसलं की कळतं. सळयांची लांबी केसभर कमीजास्त झाली तर चाक एका ठिकाणी अडतं, मोटर "उं" करते आणि पुढे जाते, परत तिथेच अडतं. म्हणून मी सगळ्या पट्ट्या एकावर एक रचून व्हाइसमध्ये धरल्या आणि एकदमच भोकं पाडली, म्हणजे लांबी सारखी येणारच. पिन दीड मिलिमीटरची, भोक किंचित मोठं. आणि डावं-उजवं चाक आरशात बघितल्यासारखं उलटं असतं हे ध्यानात ठेवून दोन्ही सेट वेगवेगळ्या डब्यांत, एकावर हळद लिहिलेलं दुसऱ्यावर जिरं, डबे तेवढेच मोकळे होते. रात्री किचन टेबलवर चाक हाताने फिरवून बघत बसते, फळी खाली येते, सरळ होते, जाते, पुढची येते. बाबा म्हणतात सिरियल परवडली.

तुला आठवतं का, लहानपणी तुला वेव्हर्लीवर नेलं की तू वर डेकवर थांबायचासच नाहीस, इंजिनाच्या बाजूच्या त्या गल्लीतच कठड्याला चिकटून उभा. तिरकं बसवलेलं इंजिन, तीन सिलिंडर, एकच वाफ आधी लहानात मग मधल्यात मग मोठ्यात, आणि ते तीन जाडजूड क्रँक गप्पपणे फिरत असायचे, आवाज असा नाहीच, गरम तेलाचा वास फक्त. ग्रीनकच्या रँकिन अँड ब्लॅकमोरने केलेलं ते इंजिन, २१०० हॉर्सपॉवर. तू विचारलं होतंस की दोन्ही चाकांना एकच इंजिन कसं पुरतं. तेव्हा बरोबर प्रश्न विचारायचास, आता इंजिनियर झालास आणि मिक्सिंग म्हणतोस.

आणि ती बांधली कुठे, तर आपल्या पार्टिकच्या घरापासून चालत. केल्विन नदी क्लाइडला मिळते तिथे ए. अँड जे. इंग्लिसचं यार्ड होतं, आता रिव्हरसाइड म्युझियम उभं आहे तिथे. २ ऑक्टोबर १९४६ ला पाण्यात उतरवली. तिच्या आधीची वेव्हर्ली १९४० मध्ये डंकर्कहून सैनिक आणताना बुडाली होती, तिच्या जागी ही. जून १९४७ ला क्रेगेंडोरनहून आरोखरला पहिली फेरी, १९५७ पर्यंत कोळसा आणि मग तेल, १९७३ च्या सीझननंतर काढून टाकली आणि १९७४ मध्ये चाकांच्या बोटी जपणाऱ्या सोसायटीला एका पौंडात विकली. विकणाऱ्यांना वाटलं असेल कुठेतरी बांधून ठेवतील, यांनी १९७५ ला परत पॅसेंजर घेऊन सुरू केली! नंतर ती गँटॉक्सच्या खडकावर चढली, बॉयलर बदलले, पैसे संपले, परत जमवले. समुद्रावर पॅसेंजर घेऊन जाणारी चाकांची आगबोट म्हणून जगात तीच उरलीय.

रंगावरून घरात वाद आहे. मी पहिल्या सीझनचीच करतेय, १९४७ ची, बोट तेव्हा ज्या रेल्वे कंपनीची होती तिच्या रंगात, लाल फनेल, पांढरा पट्टा, वर काळं. १ जानेवारी १९४८ ला रेल्वे सरकारी झाल्या आणि फनेल पिवळट झाले, बाबांना तेच आवडतात, कारण काय तर जुन्या पोस्टकार्डवर तसे आहेत. लाल-पांढरं-काळं आताही आहे बोटीवर, पण आताची केली तर रडार आणि लाइफ राफ्टचे पांढरे डबे पण करावे लागतील, ते मला नकोत. बाबांना म्हटलं तुम्ही एक दुसरा फनेल सेट रंगवा, घालूया बदलून. तेव्हापासून विषय बंद आहे.

आता काम सांगते. तुमच्या ऑफिसात लेझर कटर आहे ना, फाइल पाठवतेय, त्यातून फळ्या कापून आण, दीड मिलिमीटरच्या बर्च प्लायमधून, सोळा लागतात पण चोवीस काप, काठावर आपटून तुटणारच आहेत. कडा जळक्या काळ्या राहिल्या तर राहू देत, मी पॉलिश पेपर मारेन. आणि दोन मिलिमीटरचे नट-बोल्ट पितळेचे, स्टीलचे आणलेस तर परत पाठवीन, गंजतात. सर्दी गेली का ते पण कळव.

तुझी,
आई

ता.क. बाबा विचारतायत तू ट्रेनने येणार का, म्हणजे आम्ही स्टेशनवर गाडी आणू. गाडीत मागची सीट पाडून बोट ठेवलीय, तेव्हा ट्रेननेच आलास तर बॅग मांडीवर घेऊन बसावं लागेल.