४,२०० ची बोली ४,२०,००० कशी झाली? : लिलाव कंपनीला तक्रार पत्र

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन नाणे लिलाव विभाग

विषय : चुकीच्या रकमेने नोंदलेली बोली व त्यावरची विक्री रद्द करून अनामत परत मिळण्याबाबत

महोदय,

गेल्या रविवारी संपलेल्या तुमच्या लिलावात दुदांडी शिवराई या मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्यांचा एक लॉट, म्हणजे एकत्र विकायचा संच, होता. त्यावर मी ४,२०० रुपयांची कमाल बोली लावली. रक्कम '४२००.००' अशी टाकली. तुमच्या ॲपने मधला बिंदू गाळला, मागची दोन शून्ये मात्र ठेवली आणि बोली नोंदली ४,२०,००० रुपयांची. पुढच्या स्क्रीनवर रक्कम कुठेच नव्हती. 'बोली निश्चित करा' हे बटण होते आणि त्याखाली उलटे पळणारे सेकंद. चेकवर रक्कम अक्षरी लिहिल्याशिवाय बँक दोनशे रुपयेही सोडत नाही. तुमच्याकडे चार लाख वीस हजार एका टिचकीत जातात.

आकडा मला पहिल्यांदा दिसला तो तुमच्या पोचेच्या ईमेलमध्ये. लगेच मदत केंद्राला कळवले. लिलाव संपायला तेव्हा अख्खी रात्र बाकी होती आणि लॉटचा भाव होता २,६०० रुपये, कारण कमाल बोली कितीही असली तरी तुमची यंत्रणा दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीच्या एकच पायरी वर थांबते. त्या वेळी माझी बोली काढली असती तर विक्रेत्याचे, तुमचे किंवा दुसऱ्या कोणाचे काही बिघडले नसते. उत्तर आले : "लावलेली बोली मागे घेता येत नाही."

खरी तक्रार पुढची आहे. शेवटच्या काही मिनिटांत, तोवर या लॉटकडे न फिरकलेल्या एकाच बोलीदाराने पायरी-पायरीने भाव ३९,००० पर्यंत नेला आणि तिथे थांबला. लॉट माझ्या नावावर ३९,५०० ला पडला. दुदांडी ही मराठेशाहीच्या उत्तरकाळातली शिवराई, इंग्रजी अंमल आल्यावरही काही वर्षे पाडली जात होती, आणि आजही भरपूर सापडते. शिवकाळातली, 'श्री राजा शिव' ही अक्षरे स्वच्छ उठलेली शिवराई असती तर गोष्ट वेगळी. झिजलेल्या दुदांडींसाठी इतकी चढाओढ नाणी जमवणारा माणूस करत नाही. माझी कमाल बोली अजून खूप वर आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो करू शकतो. कमाल बोली गुप्त राहते असे तुमचेच नियम सांगतात. मी कोणावर आरोप करत नाही, नोंदी मागतो आहे.

आता तुम्ही ३९,५०० अधिक खरेदीदार प्रीमियम (विक्रीच्या किमतीवर तुम्ही लावता ते शुल्क) अधिक जीएसटी सात दिवसांत भरा, नाहीतर ५,००० रुपयांची अनामत जप्त आणि खाते बंद, असे लिहिता. वस्तू विक्री कायदा, १९३० चे कलम ६४ वाचावे. विक्री पूर्ण झाल्याचे जाहीर होईपर्यंत बोलीदाराला बोली मागे घेता येते, असे ते सांगते. भाव चढवण्यासाठी विक्रेत्याने खोट्या बोली लावल्या असतील तर खरेदीदार ती विक्री रद्दही करू शकतो. हा हक्क तुमच्या अटींनी काढून घेतला आहे असे म्हणणे असेल, तर ती अट बोलीच्या स्क्रीनवर का नव्हती? ईबेसारख्या संकेतस्थळावरही रक्कम टाकताना आकडा चुकला तर बोली मागे घ्यायची सोय आहे.

विक्री रद्द करा, अनामत परत द्या आणि या लॉटवरच्या सगळ्या बोलींची वेळेसह नोंद पाठवा. बोलीदारांची नावे नकोत. मात्र तो शेवटचा बोलीदार विक्रेत्याशी किंवा तुमच्याशी संबंधित नाही, हे लेखी कळवा. विक्रेत्याची तयारी असेल तर ४,२०० ला हा लॉट मी आजही घेईन. आणि ती बिंदू गिळणारी चौकट दुरुस्त करून रक्कम अक्षरांत दाखवा.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे या पत्राची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. तोवर अनामतीला हात लावू नये. अन्यथा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे हेच कागद जातील.

आपला,
एक नोंदणीकृत बोलीदार, सातारा

सोबत : बोलीच्या स्क्रीनचा स्क्रीनशॉट, पोचेचा ईमेल, मदत केंद्राशी झालेला पत्रव्यवहार