नाटककार बाईची नाटके कुठे गेली?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इंग्लंडमधली नाटककार आंद्रिया डनबार हिच्यावरच्या 'द आर्बर' या माहितीपटाविषयीचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. राग शांत झाल्यावर लिहावे म्हणून कालचा दिवस थांबले. शांत झाला नाही.

आधी फोटोचे. आपण ज्या फोटोखाली 'आंद्रिया डनबार' असे छापले आहे, ती आंद्रिया डनबार नाही. तिच्या थोरल्या मुलीची भूमिका करणारी ती अभिनेत्री आहे. एखाद्या नाटककारावर अर्धे पान द्यायचे आणि चेहरा दुसरीचा छापायचा, हे आपल्या कार्यालयात कुणाच्याच लक्षात आले नाही? लेखात पुढे असेही म्हटले आहे, की डनबारची मुलगी कॅमेऱ्यासमोर बसून आईविषयी बोलते आणि बोलता बोलता रडते. ज्याने हा माहितीपट पाहिला आहे, तो हे वाक्य लिहूच शकत नाही. दिग्दर्शिका क्लिओ बर्नार्ड यांनी मुलींच्या, नातेवाइकांच्या, शेजाऱ्यांच्या मुलाखती नुसत्या आवाजात ध्वनिमुद्रित केल्या आणि त्या आवाजावर नट-नट्यांनी ओठ हलवले. आवाज खऱ्या माणसाचा, चेहरा नटाचा. सगळा माहितीपट या एका युक्तीवर उभा आहे. तीच लेखात नाही. मग लेख कशावरून लिहिला?

मी हा माहितीपट एका फिल्म सोसायटीच्या खेळात पाहिला आहे. त्यात दारू नाही असे मी म्हणत नाही. आहे, भरपूर आहे. मुलांची आबाळ आहे, थोरल्या मुलीचे व्यसन आहे, तिचा तुरुंगवास आहे, तिच्या दोन वर्षांच्या मुलाचा मृत्यू आहे. ते पाहताना जीव गुदमरतो. पण आपल्या लेखात फक्त तेवढेच आहे. तीन मुले, तिघांचे बाप वेगळे, हे एकदा सांगून भागले नाही म्हणून दोनदा सांगितले आहे. तिची नाटके मात्र एका ओळीत आटोपली आहेत, आणि त्या ओळीत एकाही नाटकाचे नाव नाही.

म्हणून ती नावे मी इथे लिहिते. पहिले 'द आर्बर'. माहितीपटाला नाव मिळाले ते याच नाटकावरून. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात बटरशॉ नावाची कामगारांची सरकारी वसाहत आहे, तिथल्या ब्रॅफर्टन आर्बर या रस्त्यावर ती वाढली. पंधराव्या वर्षी शाळेच्या परीक्षेसाठी तिने हे नाटक लिहायला घेतले. शाळकरी वयात दिवस गेलेल्या मुलीची गोष्ट. वहीच्या फाडलेल्या पानांवर हिरव्या बॉलपेनने लिहिलेली ती संहिता पुढे, ती स्त्रियांच्या आधारगृहात राहत असताना, तिथल्या ओळखीतून लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरपर्यंत पोहोचली. दिग्दर्शक मॅक्स स्टॅफर्ड-क्लार्क यांनी ती १९८० साली रंगमंचावर आणली. लेखिका तेव्हा विशीचीही झाली नव्हती. दुसरे नाटक १९८२ मधले 'रिटा, सू अँड बॉब टू'. त्यावर १९८७ मध्ये ॲलन क्लार्क यांनी चित्रपट केला आणि त्याचा शेवट तिला पसंत नव्हता. तिसरे 'शर्ली', १९८६ चे. डिसेंबर १९९० मध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन ती गेली तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. आपण मथळ्यात 'दारूने घेतलेला बळी' म्हटले आहे. मृत्यूचे कारण तरी नीट छापायचे होते.

माहितीपटातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग तर लेखात नावालाही नाही. तिच्या त्या पहिल्या नाटकातले प्रवेश बर्नार्ड यांनी त्याच वसाहतीतल्या मोकळ्या हिरवळीवर उभे केले आहेत. गवतावर घरातले सामान मांडलेले, नट भांडताहेत, शिव्या देताहेत, आणि भोवती तिथलीच माणसे उभी राहून पाहताहेत. जिथले बोलणे तिथेच परत नेऊन ऐकवले आहे. शिवाय आईविषयी दोघी बहिणी दोन तऱ्हेने बोलतात. थोरलीच्या मनात कडवटपणा आहे, मधलीच्या बोलण्यात माया आहे. लहानपणी खोलीला लागलेल्या आगीची एकच आठवणसुद्धा दोघींची वेगळी आहे. आपल्या लेखात थोरली आहे, मधली नाहीच. अर्धे घर झाकून ठेवून उरलेल्या अर्ध्याचा निवाडा करण्यासारखे आहे हे.

मला याचा एवढा त्रास का होतो, ते सांगते. मी कोल्हापुरात एका शाळेत मराठी शिकवत होते आणि दरवर्षी मुलांकडून एकांकिका बसवून घेत होते. दहावीच्या वर्गात एक मुलगी होती. वडील फाउंड्रीत कामाला. अभ्यासात बेताची, पण कान विलक्षण. एक दिवस तिने स्वतः लिहिलेली एकांकिका आणून दिली. सार्वजनिक नळावरची पहाट, पाणी यायच्या आधीचा अर्धा तास, पाच बायका आणि एक म्हातारी. घडत काहीच नव्हते, नुसते बोलणे. पण काय बोलणे! 'काय गं भवाने, नंबर माझा हाय' इथपासून सुरू होऊन कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाच्या पोराला कामावरून काढले, सगळे त्या घागरींच्या रांगेतून पुढे येत होते. म्हातारी शेवटपर्यंत एक शब्द बोलत नव्हती आणि तरी सगळे नाटक तिच्यावर फिरत होते. हे त्या मुलीला कुणी शिकवले नव्हते. मी तर नाहीच नाही.

आंतरशालेय स्पर्धेत आम्ही ती केली. भाषा शिवराळ आहे, असे म्हणून परीक्षकांनी गुण कापले. ते मी सोसले, परीक्षकांशी वाद घालायची सवय होतीच. पण प्रेक्षकांनी एकांकिका उचलून धरल्यामुळे एका दैनिकाचा वार्ताहर दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेला. वडील नुकतेच रात्रपाळीहून आलेले, डोळे लाल. त्यानंतर जी बातमी आली, तिचा मथळा असा होता, की व्यसनी बापाच्या लेकीने घरची व्यथा रंगमंचावर मांडली. त्या एकांकिकेत बाप हे पात्रच नव्हते. पुरुषच नव्हता! तिचे वडील दारू पीत होते की नव्हते, हे मला माहीत नाही आणि त्या बातमीदारालाही माहीत नसावे. बातमीत गल्लीचे नाव होते, फाउंड्रीचे नाव होते, आईच्या हातावरच्या भाजल्याच्या डागाचे वर्णन होते. एकांकिकेचे नाव नव्हते. नळ नव्हता, म्हातारी नव्हती.

वडील शाळेत आले. ते ओरडले असते तर बरे झाले असते. हात जोडून एवढेच म्हणाले, "बाई, आता पुरे करा." तिचे लिहिणे तिथे थांबले. मी दैनिकाच्या कार्यालयात गेले तर मला सांगण्यात आले, की बातमीमुळे मुलीला प्रसिद्धीच मिळाली आहे, तुम्ही आभार मानायला हवेत. खुलासा छापला नाही. ती मुलगी आता गडहिंग्लजकडे असते, संसारात आहे, भेटली की आदराने बोलते. नाटकाचा विषय मी काढला की ती मुलांच्या शाळेचा काढते.

त्यामुळे 'शोकांतिकेचे दुसरे नाव डनबार' असल्या ओळी मला सहज पचत नाहीत. गरीब घरातल्या बाईने लिहिले, की तुम्ही तिच्या घरात शिरता. तिने काय लिहिले, कसे लिहिले, पात्रे कशी उभी केली, हे प्रश्न बहुधा चांगल्या घरातल्या लेखकांसाठी राखून ठेवलेले असतात.

आता लेखाच्या शेवटच्या परिच्छेदाबद्दल. लेखक म्हणतात, असले उदास माहितीपट परदेशातच चित्रपटगृहात लागू शकतात, कोल्हापूरचा प्रेक्षक त्यासाठी तिकीट काढणार नाही. हे कुणाला विचारून लिहिले? हा माहितीपट २०१० साली ब्रिटनमध्ये चित्रपटगृहांत लागला तो काही तिथली जनता उदासपणाची शौकीन आहे म्हणून नव्हे. कुणीतरी लावला, म्हणून लोकांना पाहता आला. आमच्याकडे लावून तर पाहा. इथे नुसता साधा मराठी चित्रपट लागला, तरी त्याला आडदिवशी सकाळी अकराचा एकच खेळ मिळतो. त्या वेळेला नोकरदार माणूस यायचा कुठून? मग चार डोकी दिसतात आणि शुक्रवारी चित्रपट उतरतो. प्रेक्षकच नाहीत, असे म्हणायला सगळे मोकळे.

आणि कोल्हापूरच्या प्रेक्षकाला वास्तव सोसत नाही, हे तर कुणी सांगूच नये. बाबूराव पेंटरांनी याच गावात १९१८ साली स्वतःच्या हाताने कॅमेरा तयार केला. त्यांनीच १९२५ मध्ये 'सावकारी पाश' काढला. सावकाराच्या कर्जात जमीन गमावून शहरात मजुरीला जाणारा शेतकरी, ती भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. देवादिकांच्या चित्रपटांवर पैसा मिळत असताना इथल्या माणसाने हा विषय निवडला होता. शंभर वर्षांनंतर आमच्या आवडीची चिंता पुरवणीच्या लेखकांनी करू नये.

एक आणखी, विषयाला सोडून वाटले तरी लिहिते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेली ती वास्तू जळताना पाहून सगळे गाव रडले, वर्तमानपत्रांनी पानेच्या पाने भरली, ते योग्यच होते. पण त्या रंगमंचावर राज्य नाट्य स्पर्धेत वर्षानुवर्षे ज्यांची नवी नाटके झाली, त्या स्थानिक लेखकांपैकी किती जणांवर आपण कधी चार ओळी छापल्या होत्या? स्पर्धेच्या बातमीत उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांची यादी असते, दीपप्रज्वलनाचा फोटो असतो. नाटकाच्या लेखकाचे नाव कित्येकदा गळालेले असते आणि असलेच तर चुकलेले. एकदा एका तरुण लेखकाने ते कात्रण मला दाखवले होते. त्याच्या नाटकाचे श्रेय प्रकाशयोजना करणाऱ्याच्या नावावर गेले होते.

तेव्हा माझी विनंती दोन गोष्टींची आहे. येत्या रविवारी फोटोची दुरुस्ती छापावी आणि त्यासोबत डनबारच्या तीनही नाटकांची नावे द्यावीत. आणि राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी कोल्हापूर केंद्रावर सुरू होईल तेव्हा आपला प्रतिनिधी पाठवावा, त्याला पडदा पडेपर्यंत बसायला सांगावे, आणि बातमीत पाहुण्यांच्या आधी लेखकाचे नाव, नाटकाचे नाव आणि नाटकात काय होते ते यावे. प्रतिनिधीला वेळ नसेल तर मला कळवा. मी रोज तिथे असतेच, लिहून देईन. मानधन नको.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
मंगळवार पेठ, कोल्हापूर