सरासरीत लपलेले खाडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांतील दीर्घकालीन गैरहजेरीचा अभ्यास लोकप्रतिनिधींची समिती करणार, ही बातमी वाचली. तीस वर्षे हजेरीपट भरण्यात गेली, म्हणून एवढेच सांगते, की समितीपुढे शाळेची सरासरी हजेरी ठेवली गेली तर अभ्यास पहिल्याच पानावर फसेल.

चाळीस मुलांचा वर्ग आणि शाळेचे १८० दिवस धरा. हजेरी ९२ टक्के भरली की तपासणीला आलेले साहेब खूश. पण उरलेले ८ टक्के म्हणजे ५७६ खाडे, आणि त्यातले ४०० दहाच मुलांच्या नावावर असू शकतात. प्रत्येकी चाळीस दिवस! हे कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. अमेरिकेत म्हणूनच १० टक्के किंवा जास्त दिवस बुडवणारे प्रत्येक मूल वेगळे मोजतात. १८० दिवसांत १८, म्हणजे महिन्याला जेमतेम दोन. कोरोनाआधी तिथली साधारण १५ टक्के मुले या गटात होती, २०२१-२२ मध्ये २८ टक्क्यांच्या घरात गेली.

या मोजणीत रजेचा अर्ज असलेले खाडेही धरतात, हे मला फार पटते. दांडी मारणाऱ्याच्या मागे आम्ही सगळे लागतो. ज्याचा अर्ज नीटनेटका, त्याला कोणी विचारत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा पोटदुखीचा अर्ज दर गुरुवारी यायचा, आईच्या सहीचा. गुरुवारी प्रकट वाचन असे आणि ती अडखळत बोलायची, हे माझ्या लक्षात यायला दिवाळी उजाडली. (आजही त्याची लाज वाटते.) मग तिचे वाचन मी मधल्या सुट्टीत एकटीचे घेऊ लागले. खाडे निम्म्यावर आले, पूर्ण थांबले नाहीत.

इंग्लंडमध्ये खाड्यांसाठी पालकांना दंड करतात. आपल्या आमदारांनाही तो मोह होईल. पण त्या मुलीच्या आईला दंड करून काय हाती लागले असते? दमा असलेले मूल, धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहणारी मुलगी, यांचेही तेच.

समितीने मुलागणिक खाड्यांची यादी मागावी, आणि तीही दर महिन्याला. वर्ष संपल्यावर आलेली यादी अहवालाला जोडता येते, मूल तोवर पुढच्या वर्गात गेलेले असते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका