गोल्फ स्पर्धा पाहायला निघण्यापूर्वी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबवर झालेली डीपी वर्ल्ड इंडिया चॅम्पियनशिप टॉमी फ्लीटवूडने २२ अंडर पारने, म्हणजे ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा (पारपेक्षा) २२ फटके कमी घेऊन, जिंकली. रोरी मॅकिलरॉयसारखा खेळाडू भारतात खेळला, म्हटल्यावर अशी स्पर्धा प्रत्यक्ष पाहावी असे गोव्यातल्या क्रीडाप्रेमींनाही वाटणारच. आपल्याकडची गोल्फची मैदाने रिसॉर्टांच्या आवारातली आणि लहान. काणकोणचे राजबागचे मैदान ९ होलचे, म्हणजे खेळाच्या ९ टप्प्यांचे. व्यावसायिक स्पर्धा बहुधा १८ होलांच्या मैदानावर चार दिवस चालते, त्यामुळे गोंयकाराला पुणे, बंगळूर किंवा दिल्ली गाठावी लागते. एवढा खर्च करून गेलेला माणूस पहिल्याच दुपारी कंटाळून परत फिरू नये, म्हणून हे पत्र.

कंटाळा येतो तो बहुतेक वेळा बसण्याच्या सवयीमुळे. फातोर्ड्याच्या फुटबॉल स्टेडियमवर एका खुर्चीवरून अख्खा सामना दिसतो. गोल्फमध्ये एका वेळी वीसहून अधिक गट मैदानभर पसरलेले असतात आणि प्रत्येकाचा सामना वेगळ्या टप्प्यावर असतो. अठराव्या ग्रीनशेजारी, म्हणजे शेवटच्या होलभोवतीच्या आखूड गवताशेजारी, सकाळपासून बसून राहणाऱ्याला फक्त शेवटचे पुट (ग्रीनवरचे हलके फटके) दिसतात, ते कोणत्या परिस्थितीत आले ते कळत नाही. म्हणून काय पाहायचे ते आदल्या रात्रीच ठरवावे. खेळाडूंच्या सुरुवातीच्या वेळा, म्हणजे टी-टाइम, आयोजक आदल्या दिवशी जाहीर करतात. पहिले दोन दिवस बहुधा तिघांचे गट असतात आणि निम्मे पहिल्या होलवरून, निम्मे दहाव्यावरून सुटतात. पहिल्या दिवशी सकाळी खेळलेला खेळाडू दुसऱ्या दिवशी दुपारी खेळतो. ही अदलाबदल न्यायासाठी असते. दुपारी वारा वाढतो, ग्रीनवर पावलांचे ठसे पडलेले असतात, म्हणून दुपारचा ७० फटक्यांचा खेळ सकाळच्या ७० पेक्षा पुष्कळदा मोलाचा ठरतो.

सुरुवात सराव मैदानापासून करावी. टी-टाइमच्या सुमारे तासभर आधी खेळाडू तिथे येतो आणि बहुधा आखूड वेज या काठीपासून लांब ड्रायव्हर या काठीपर्यंत चढत जातो. इथे त्याच्या अगदी जवळ उभे राहता येते आणि एकच फटका पुन:पुन्हा पाहायला मिळतो. दूरचित्रवाणीवर हे क्वचितच दिसते. मग एक गट निवडून त्याच्याबरोबर नऊ होल चालावे. टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागी, खेळाडूच्या बाजूला उभे राहिले तर फक्त स्विंग दिसतो, चेंडू नजरेतून निसटतो. टीच्या सरळ मागे, दोरीबाहेर, उभे राहिले की चेंडूचे वळण स्पष्ट कळते. नऊ होल झाल्यावर एखाद्या पार-३ (तीन फटक्यांत पुरा व्हावा अशा) होलच्या ग्रीनजवळ तासभर थांबावे. तिथे टीपासून होलपर्यंत सगळा खेळ नजरेच्या टप्प्यात असतो आणि दर दहा-बारा मिनिटांनी नवा गट येतो. नवख्याला खेळ सर्वांत लवकर इथेच समजतो.

प्रसिद्ध नावामागे धावू नये, हे आग्रहाने सांगावेसे वाटते. त्याच्याभोवती चार-पाच रांगांची गर्दी असते आणि दिसतात ती माणसांची डोकी. खरी चुरस पाहायची असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी कटच्या, म्हणजे दोन दिवसांनंतरच्या गाळणीच्या, रेषेवरचे खेळाडू पाहावेत. ३६ होलनंतर डीपी वर्ल्ड टूर या युरोपीय मालिकेत साधारणपणे पहिले ६५ आणि त्यांच्या बरोबरीचे, पीजीटीआय या भारतीय व्यावसायिक मालिकेत साधारणपणे पहिले ५० आणि बरोबरीचे पुढे जातात. बाकीच्यांना बक्षिसातला पैसा मिळत नाही. प्रवास, हॉटेल, कॅडीचा (काठ्या वाहणाऱ्या मदतनिसाचा) खर्च मात्र त्यांच्या खिशातून जातो. अली शेर कॅडी म्हणून सुरुवात करून १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकले. एस. एस. पी. चौरसिया रॉयल कलकत्ता क्लबच्या ग्रीनकीपरचा (मैदानाची निगा राखणाऱ्याचा) मुलगा, त्याने ती स्पर्धा २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ जिंकली. अशा घरांतून येणाऱ्यांसाठी सतराव्या होलवरचा सहा फुटांचा पुट म्हणजे पुढच्या आठवड्याचा प्रवासखर्च असतो. तो पाहायला बहुधा दहा माणसेही नसतात, आणि खेळाडूचा श्वाससुद्धा ऐकू येईल इतके जवळ उभे राहता येते.

फलक वाचताना एकच घोळ होतो. उणे पाच म्हणजे पारपेक्षा पाच फटके कमी. हा आकडा बहुधा लाल असतो. पण त्याच्या शेजारी किती होल झाले तेही पाहावे. दहा होलवर उणे पाच असलेल्याला अजून आठ होल खेळायचे आहेत, तेव्हा खेळ संपवून उणे पाचवर बसलेल्याच्या तो बरोबरीत आहे असे धरून चालू नये.

आता शिस्तीविषयी. खेळाडू चेंडूसमोर स्थिरावला की बोलणे आणि चालणे दोन्ही थांबले पाहिजे. फोन सायलेंटवर ठेवावा आणि कॅमेऱ्याचा आवाजही बंद करावा, कारण तो पुष्कळदा वेगळा बंद करावा लागतो. फोटो सरावाच्या किंवा प्रो-अ‍ॅमच्या (व्यावसायिक आणि हौशी खेळाडू एकत्र खेळतात त्या) दिवशी काढावेत. चिप्सचे चुरचुरणारे पाकीट टीजवळ उघडू नये. सकाळ-संध्याकाळी सावल्या लांब पडतात. आपली सावली पुटच्या रेषेवर पडत नाही ना, तेही पाहावे. सगळ्यात वाईट सवय म्हणजे आवडत्या खेळाडूचा चेंडू होलमध्ये गेला की पुढच्या टीकडे पळणे. त्याच गटातल्या इतर दोघांचे पुट अजून बाकी असतात आणि ती पळापळ नेमकी त्यांच्या डोळ्यांसमोर होते. तिघांचेही संपेपर्यंत जागा सोडू नये. फेअरवे, म्हणजे टी आणि ग्रीनमधला गवताचा पट्टा, फक्त मार्शल (गर्दी सांभाळणारा स्वयंसेवक) सांगेल तिथून आणि तेव्हाच ओलांडावा.

चेंडू दोरीबाहेर प्रेक्षकांत आला तर त्याला हात लावू नये. चालता चेंडू चुकून अंगावर आदळला तर खेळाडूला दंड नाही, तो जिथे थांबला तिथून पुढे खेळतो. थांबलेला चेंडू कोणी उचलला किंवा पायाने सरकला, तर दंड न होता तो मूळ जागी परत ठेवला जातो. पण ती जागा नेमकी कुठे होती हे ठरवताना वेळ जातो आणि खेळाडूची लय मोडते. गवतात चेंडू शोधायला २०१९ पासून फक्त तीन मिनिटे मिळतात. चेंडू दिसला तर तिथेच उभे राहून हात वर करावा, पुढचे मार्शल पाहतो.

टीपासून २५० ते २८० मीटरवर चेंडू पडतो, म्हणून त्या पट्ट्यात उभे असताना लक्ष टीकडे असावे. चेंडू सुमारे ४६ ग्रॅमचा आणि कठीण, डोक्याला लागला तर इजा गंभीर होते. ‘फोर’, म्हणजे ‘चेंडू येतोय, सावध’, अशी आरोळी आली की वर पाहू नये. पाठ फिरवून, खाली वाकून दोन्ही हातांनी डोके झाकावे. चेंडू कुठून येतो ते पाहण्यासाठी मान वर करणाऱ्याच्याच चेहऱ्याला तो लागतो. एक लांब भोंगा वाजला तर विजेचा धोका समजावा आणि झाडाखाली न थांबता पक्क्या इमारतीकडे जावे.

दिवसभरात आठ-दहा किलोमीटर चालणे होते. सपाट रबरी तळाचे बूट, टोपी, पाण्याची बाटली आणि छोटी दुर्बीण सोबत असावी. टाचांच्या चपला गवतात रुततात. मैदान बहुधा खासगी क्लबचे असते, म्हणून कॉलरचा शर्ट घालावा आणि ओळखपत्र जवळ ठेवावे. काही स्पर्धांना प्रवेश मोफत असला तरी आधी नोंदणी करावी लागते, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी ते तपासावे.

आपल्या क्रीडा पानावर गोल्फचा फक्त निकाल येतो. स्पर्धेच्या पहिल्या दिवशी भारतीय खेळाडूंचे टी-टाइम आणि दुसऱ्या दिवसानंतर कटची रेषा, एवढ्या पाच-सहा ओळी छापल्या तर जाणाऱ्याचे काम सोपे होईल, आणि घरी बसून पाहणाऱ्याचेही. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोहोचला, तो कोणत्या दिवशी किती वाजता खेळतो हे मराठी वाचकाला मराठी दैनिकातूनच कळावे ही आमची विनंती आहे.

परतीच्या तिकिटाविषयी एक सूचना. शेवटच्या दिवशी आघाडीवरच्या दोघांचे फटके सारखे झाले तर सडन डेथ प्लेऑफ, म्हणजे एकेक जादा होल खेळून निर्णय, होतो, आणि दिल्लीत हिवाळ्यात धुक्यामुळे सकाळचा खेळ उशिरा सुरू होऊ शकतो. निजामुद्दीनहून गोवा एक्स्प्रेस किंवा राजधानी धरणाऱ्यांनी त्यामुळे त्याच दिवसाचे आरक्षण करू नये, दुसऱ्या दिवसाचे करावे.

आपले,
गोल्फप्रेमी वाचक, मडगाव