दारातल्या शेडची परवानगी

संपादक महोदय, स. न. वि. वि.

वडगावातल्या आमच्या घरापुढे १२ बाय १० फुटांची पत्र्याची शेड घालायची आहे. सासऱ्यांना व्हीलचेअरवरून गाडीत बसवताना ते चिंब भिजतात. बेळगावच्या आडव्या पावसात छत्रीचा काय टिकाव! शेजारी म्हणतात, ‘‘चार खांब रोवा, पत्रे टाका, कोण विचारतंय?’’ मला ते पटत नाही. खांब पक्के रोवले की ते बांधकामच. हद्दीलगत सोडायच्या जागेत आलं तर उद्या पाडावं लागेल, आणि पन्हळीचं पाणी शेजाऱ्यांच्याच भिंतीवर पडेल.

खाते उतारा, घरपट्टीची पावती, घराचा मंजूर नकाशा घेऊन मी महापालिकेच्या कचेरीत तीन खेपा घातल्या. अर्ज फक्त कन्नडमध्ये. मी बाजारात कन्नड बोलते, पण नकाशाचे शब्द मला वाचता येत नाहीत. शेवटी मराठीत गाऱ्हाणं लिहून दिलं, तर खिडकीवरूनच परत केलं. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने राज्याच्या अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येतं.

अर्जाचा मराठी नमुना आणि किती फूट जागा सोडायची त्याचा तक्ता खिडकीशेजारी लावावा, तोही जूनच्या आत.

एक गृहिणी, वडगाव, बेळगाव