ढिल्या पिनेपायी अख्खा टर्बो बदलायला सांगणाऱ्या इस्टिमेटविरुद्ध तक्रार

पुणे,
दि. १२ जून २०२५

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार निवारण विभाग,
कंपनीचे मुख्य कार्यालय

विषय : वेस्टगेटच्या (एक्झॉस्टचा जादा वायू टर्बोच्या बाजूने सोडून देणाऱ्या झडपेच्या) खडखडीसाठी टर्बो असेंब्ली बदलण्याचे ८७,४०० रुपयांचे इस्टिमेट रद्द करणे आणि सुटे भाग मिळणे याबाबत.

महोदय,

आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने माझ्या चार सिलिंडरच्या टर्बो पेट्रोल गाडीसाठी वरील रकमेचे इस्टिमेट दिले आहे. त्यात कारण म्हणून एकच ओळ आहे : ‘वेस्टगेट नॉइज, टर्बो असेंब्ली रिप्लेस’. हाच आवाज १४ महिन्यांपूर्वी, गाडी वॉरंटीत असताना, त्याच सेंटरच्या जॉब कार्डावर मी नोंदवून घेतला होता. तेव्हा त्यापुढे शेरा पडला, ‘आवाज नॉर्मल आहे’. दोन्ही कागद सोबत जोडले आहेत. आवाज तेव्हाही एक्सलेटर सोडल्यावर १,८०० आरपीएमच्या आसपास यायचा, आजही तिथेच येतो. मधल्या काळात वॉरंटी संपली, एवढाच काय तो फरक.

इस्टिमेटपूर्वी कोणती तपासणी केली, हे लेखी मागितले असता ‘रोड टेस्ट’ असे उत्तर मिळाले. रोड टेस्टवरून आवाज आहे एवढे कळते, कुठून येतो ते कळत नाही. टर्बोच्या आसपास असाच पत्र्यासारखा आवाज सैल हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) करते, मॅनिफोल्डचा तुटलेला स्टड करतो आणि आतून फुटलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही करतो. हे वेगळे काढायला पाच मिनिटे पुरतात. इंजिन रात्रभर थंड ठेवायचे, बॉनेट उघडून ते सुरू करायचे आणि टर्बो तापण्याआधी, पहिल्या अर्ध्या मिनिटात, लांब चिमट्याने वेस्टगेटचा बाहेरचा लिव्हर बंद होण्याच्या दिशेने हलकेच दाबून धरायचा. आवाज गेला की दोषी वेस्टगेट, राहिला तर दुसरीकडे बघा. माझ्या गाडीत लिव्हर दाबताच आवाज बंद होतो. मग इंजिन बंद करून लिव्हर हाताने हलवला, तर त्याला जोडलेला दांडा जागचा न हलता लिव्हर जवळजवळ १ मिमी पुढेमागे होतो. म्हणजे ढिलाई दांडा आणि लिव्हर यांच्या जोडात आहे. टर्बोचा मुख्य शाफ्ट, त्याचे बेअरिंग, ऑइल सील, कंप्रेसर व्हील या कशाशीही तिचा संबंध नाही, आणि तरीही इस्टिमेटमध्ये बदलायचे आहे ते सगळे हेच.

वेस्टगेटमध्ये ढिलाई येण्याच्या जागा तीन. पहिली, अ‍ॅक्च्युएटरच्या डबीतून, म्हणजे दाब मिळाला की दांडा ढकलून झडप उघडणाऱ्या भागातून, येणाऱ्या दांड्याचा डोळा (टोकाचे भोक) आणि लिव्हरवरची पिन. दुसरी, लिव्हरचा शाफ्ट आणि टर्बाइन हाऊसिंगमधला बुश (शाफ्टला धरणारी नळी). तिसरी, हाऊसिंगच्या आत आर्मवर रिव्हेट केलेली झडपेची चकती. तिसऱ्या जागी थोडी सैलाई मुद्दामच ठेवलेली असते, कारण हाऊसिंग तापून वाकडेतिकडे फुगले तरी चकतीने कलून आपल्या बैठकीवर सपाट बसायला हवे. १,८०० आरपीएमला चार सिलिंडरचे इंजिन सेकंदाला ६० धक्के एक्झॉस्टमध्ये सोडते. प्रत्येक धक्क्याला चकती बैठकीवरून उचलते आणि परत आपटते. डबीतल्या स्प्रिंगचा ताण चकतीपर्यंत घट्ट पोचत असेल तर हे घडत नाही. जोडात १ मिमी ढिलाई झाली की ताण पोचत नाही आणि खडखड सुरू होते. पूर्ण एक्सलेटरवर आवाज नसतो, म्हणून सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने ‘पिकअप तर बरोबर आहे’ असा शेरा मारला. पिकअप बरोबर असणारच. घाट उतरताना ऐकायला हवे होते.

आता ज्या कामासाठी ८७,४०० मागितले, ते काम प्रत्यक्षात किती आहे ते लिहितो. आपल्या तांत्रिक विभागाला हे ठाऊक असणारच. पण इस्टिमेट करणाऱ्यांपर्यंत ते पोचलेले दिसत नाही.

आदल्या संध्याकाळी हीट शील्डच्या बोल्टांवर आणि दांड्याची लांबी पक्की धरणाऱ्या लॉकनटवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे लागते. सकाळी थंड इंजिनावर शील्ड काढायची. जबरदस्ती केली तर हे बोल्ट डोक्यातून तुटतात आणि दहा मिनिटांचे काम दिवसभराचे होते, म्हणून अर्धा आटा सैल, पाव आटा घट्ट, असे करत काढावेत. त्यानंतर लॉकनट आणि दांडा यांच्यावर पांढऱ्या रंगाची एक सरळ खूण ओढायची. ती नसेल तर मूळ जागा पुन्हा सापडत नाही.

मग डबीचा रबरी पाइप काढून तिथे गेज असलेला हातपंप लावायचा आणि कोणत्या दाबाला दांडा हलायला लागतो ते लिहून ठेवायचे. माझ्या गाडीत हा आकडा ०.३ बार आहे. पंप १ बारच्या वर नेऊ नये. गॅरेजमधला कॉम्प्रेसर तर थेट लावूच नये, त्याच्या ६ ते ८ बारमध्ये डबीतला पडदा, म्हणजे डायफ्रॅम, फाटतो आणि मग नवी डबी खरोखरच लागते. दाब दहा मिनिटे टिकला तर डायफ्रॅम शाबूत. माझा टिकला.

थोडा दाब देऊन दांड्यावरचा ताण काढला की पिनेवरची ई-क्लिप निघते. ती हमखास उडते, खाली फडके बांधलेले बरे. दांड्याचा डोळा पिनेवरून सरकवून व्हर्निअरने दोन्ही मोजायचे. पिन एकाच बाजूने खाल्लेली आणि डोळा लांबट झालेला, असे चित्र जवळजवळ नेहमीच दिसते. माझ्याकडे ५ मिमीची पिन खाल्लेल्या बाजूने मोजली तर ४.५ भरली. डोळ्याची लांबट दिशेची मोजणी ५.४. इथेच ०.९ मिमी सापडले, आवाजाचा हिशेब पूर्ण.

यावरचा इलाज सरळ आहे. डोळा ६ मिमीला रीम करून गोल करायचा आणि लेथवर स्टेनलेसची पिन ५.९२ मिमीला वळवून घ्यायची. नेमकी ६ ची पिन घट्ट बसते म्हणून कारागीर खूश होतो, पण उष्णतेने ती आवळते, वेस्टगेट अडकते आणि बूस्ट (टर्बोने इंजिनात भरलेल्या हवेचा दाब) आटोक्याबाहेर जातो, ०.०५ ते ०.१ मिमी मोकळीक हवीच. लेथवाला याचे दोन-तीनशे रुपये घेतो. ई-क्लिप दहा रुपयांना मिळते. ग्रीस लावायचे नाही, ते जळून काळा गोंद होतो. निकेलची अँटी-सीझ पेस्ट काडीच्या टोकावर येईल इतकी पुरे.

जोड घट्ट झाल्यावरच दांड्याची लांबी बघायची, आधी नाही. हा क्रम महत्त्वाचा आहे. बरेच जण पिन तशीच ठेवून दांडा दोन-तीन आटे आखूड करतात, आवाज थांबतो आणि काम झाले असे समजतात. दाबावर उघडणाऱ्या डबीत तिच्या स्प्रिंगने ठरवलेला दाब हा सर्वांत कमी बूस्ट असतो. ईसीयूचा (इंजिनाच्या संगणकाचा) सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी छोटी झडप, तो वाढवू शकतो, त्याच्या खाली आणू शकत नाही. दांडा आखूड केला की हा तळच वर सरकतो. मग चढावर ओव्हरबूस्टचा पी-०२३४ कोड येतो आणि गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे इंजिन बचावासाठी ताकद कमी करते. उलट दांडा लांब राहिला तर झडप पूर्ण बंद होत नाही, पिकअप मरतो आणि कमी बूस्टचा पी-०२९९ येतो. दांड्याचा आटा १ मिमी पिचचा असेल तर अर्धा फेरा म्हणजे ०.५ मिमी. त्याहून जास्त एका वेळी फिरवू नये, आणि फिरवताना दांडा पक्कडीत धरावा. तो पिळला गेला तर आतला डायफ्रॅम टराटरा फाटतो. शेवटी हातपंप पुन्हा लावून आधीचा आकडा ताडून बघायचा. ०.०५ बारपेक्षा जास्त फरक पडला तर खुणेकडे परत जायचे.

हे सगळे डबी आणि दांडा असलेल्या वेस्टगेटला लागू आहे. मोटरवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक अ‍ॅक्च्युएटरचा दांडा पान्याने फिरवायचा नसतो. ईसीयूला बंद स्थितीचा व्होल्टेज नव्याने शिकवावा लागतो आणि त्याला स्कॅनर हवा.

बुश खाल्लेला असेल तर घरी एवढेच करता येते की बाहेरच्या लिव्हरवर एक छोटी स्प्रिंग बसवून शाफ्ट एका बाजूला टेकवून ठेवायचा. पण साधी स्प्रिंग तिथे टिकत नाही. स्टेनलेस ३०२ अडीच-पावणेतीनशे अंश सेल्सिअसच्या पुढे आपला ताण सोडून देते, साधे स्प्रिंगचे पोलाद तर त्याच्याही आधी. इनकोनेल एक्स-७५० हा निकेलचा मिश्रधातू सुमारे ६०० अंशांपर्यंत तग धरतो. चकती आर्मला वेल्ड करून टाकणे हा रस्त्याकडेच्या गॅरेजांचा आवडता उपाय मात्र टाळावा. कलण्याची सोय गेली की चकती एका कडेने गळते आणि वेल्डला तडा जातो. झडप तारेने बांधून बंद करणाऱ्यांबद्दल काय बोलावे, पिस्टन त्यांचे त्यांनाच सांगतील.

म्हणजे पिन, क्लिप, मजुरी धरून हा हजार रुपयांच्या आतला दोष आहे. पिन आणि क्लिप सुट्या मागितल्यावर पार्ट्स काउंटरवर सांगण्यात आले की कॅटलॉगमध्ये ‘टर्बो असेंब्ली’ एवढाच एक क्रमांक आहे, डबीसुद्धा वेगळी मिळत नाही. बाहेर काम केल्यास इंजिनावरची एक्स्टेंडेड वॉरंटी जाईल, अशी तोंडी ताकीदही मिळाली. ती लेखी द्या म्हटल्यावर कोणी दिली नाही.

या दोन्ही गोष्टींवर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ मोटार कंपन्यांवर बोट ठेवले होते : सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात न देणे, आणि बाहेर दुरुस्ती केल्यास वॉरंटी नाकारणे. एकूण दंड सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा होता. प्रकरण पुढे अपिलात गेले, तरी आयोगाचे म्हणणे काय होते ते आपल्या विधी विभागाला नव्याने सांगायला नको. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, त्यात वाहन क्षेत्रही आहे. आणि वेस्टगेटच्या खडखडीला ‘नॉर्मल’ म्हणून मोकळे होणे हा एकमेव मार्ग नाही, हे बीएमडब्ल्यूने दाखवलेले आहे : अमेरिकेत एन-५४ इंजिनांच्या वेस्टगेटसाठी वॉरंटी ८ वर्षे किंवा ८२,००० मैल, म्हणजे सुमारे १,३२,००० किमीपर्यंत वाढवण्यात आली.

माझ्या मागण्या अशा. वॉरंटीच्या काळात लेखी नोंदवलेली तक्रार तपासणी न करता ‘नॉर्मल’ म्हणून बंद केली, म्हणून ही दुरुस्ती वॉरंटीतली मानून विनाशुल्क करावी. मला नवा टर्बो नको आहे, पिन, क्लिप आणि समायोजन पुरेसे आहे. ते जमत नसेल तर डबी, पिन आणि क्लिप यांचे क्रमांक व किमती, तसेच झडप उघडण्याचा आपला अधिकृत दाब लेखी कळवावा, म्हणजे ०.३ बार हा आकडा ताडून पाहता येईल. बाहेरच्या कामाने इंजिनाची वॉरंटी बाधित होणार नाही, हेही त्याच पत्रात हवे. तपासणी शुल्क म्हणून घेतलेले १,१८० रुपये परत करावेत, कारण तपासणी झालेली नाही.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. गाडीची किंमत ५० लाखांच्या आत आहे, तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, आणि कलम ६९ ची दोन वर्षांची मुदत त्या ‘नॉर्मल’ शेऱ्याच्या तारखेपासून मोजली तरी अजून दहा महिने शिल्लक आहेत.

खाल्लेली पिन अजून गाडीत तशीच आहे. आपला प्रतिनिधी व्हर्निअर घेऊन आला तर ती मोजायला मिळेल.

आपला,
एक ग्राहक

सोबत : दोन्ही जॉब कार्डांच्या प्रती, इस्टिमेट, शुल्काची पावती, लिव्हर दाबल्यावर आवाज थांबतो ते दाखवणारी ४० सेकंदांची चित्रफीत.